पाचवी ‘ब’चं झाड

सकाळी पावणेआठला कदिरेनहळ्ळीच्या एका अरुंद गल्लीत पिराजीची रिक्षा सुरू व्हायची, आणि तिच्यात पहिली बसायची ती त्याची मुलगी अक्षरा. ती पहिलीत असल्यापासून हा नेम होता. तेव्हा एकदा तिला शाळेत सोडून पिराजी स्टँडवर गेला आणि लगेच त्याला विमानतळाचं लांबचं भाडं मिळालं. त्या दिवसापासून त्याची बोहनी तिच्या हातची. अक्षरा गाडीत बसून शाळेच्या गेटाशी उतरल्याशिवाय तो दुसऱ्या कोणाला गाडीत घ्यायचा नाही, मग रस्त्यात कितीही जण हात करोत.

बसताना दोघांचा एक खेळ चालायचा. अक्षरा मागच्या सीटवर ऐटीत बसायची आणि पुढे वाकून मीटरचं बटण दाबत कन्नडमध्ये मीटर टाकायला सांगायची.

“स्कूल, अण्णा. मीटर हाकी.”

पिराजी आरशातही न बघता बेंगळुरूच्या कोणत्याही रिक्षावाल्यासारखा तोंड वाकडं करायचा. “आ कडे बरल्ल, अक्का.” त्या बाजूला येत नाही, ताई.

“ट्वेंटी एक्स्ट्रा.”

“सरी, बन्नी,” म्हणजे बरं, या, असं म्हणून तो किक मारायचा, आणि दोघं हसत रिंग रोडला लागायची.

वाटेत ती पाढे म्हणायची. पिराजी निपाणीकडचा, सातवीपर्यंत शिकलेला, पण तीसपर्यंतचे पाढे त्याला पक्के यायचे. ती चुकायला लागली की तो आरशातून बघत मान अगदी थोडी हलवायचा. ती थांबायची, विचार करायची आणि बरोबर आकडा सांगायची. आई महानंदा कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. कारखान्याची व्हॅन तिला साडेसहालाच घेऊन जायची, त्यामुळे सकाळ ही बापलेकीची होती. रिक्षाच्या पाठीवर पिराजीने पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत ‘अक्षरा’ असं रंगवून घेतलं होतं. एका ओळीत मराठी, खाली कन्नड.

जुलैमध्ये शाळेत एक नवीन उपक्रम आला. एचएसआर लेआउटमधल्या एका संस्थेने तो आखला होता आणि हर्षिता नावाची तिशीतली हुशार बाई तो राबवायला आली होती. शहरातली वाहनं कमी करायची तर लोकांच्या सवयी बदलायला हव्यात, आणि सवयी लहानपणीच बदलतात, असं तिने शिक्षकांना समजावून सांगितलं. पाचवीच्या दोन्ही तुकड्यांसाठी भिंतीवर एकेक मोठं झाड लावलं गेलं. झाडाला फांद्या होत्या, पानं नव्हती. चालत, सायकलने, बसने किंवा मेट्रोने आलेल्या मुलासाठी रोज एक हिरवं पान चिकटवायचं. कार, स्कूटर किंवा ऑटोने आलेल्यासाठी एक वाळकं, तपकिरी पान. खोटं सांगितलेलं सापडलं तर दोन वाळकी. सहा आठवड्यांनी ज्या वर्गाचं झाड जास्त हिरवं असेल तो अख्खा वर्ग मेट्रोने तारांगण बघायला जाणार होता.

“मुलांना रागवायचं नाही, शिक्षा करायची नाही,” हर्षिता म्हणाली. “फक्त दाखवायचं. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस आपोआप बदलतो.”

पानांवर नावं लिहायची नाहीत हेही तिने मुद्दाम सांगितलं. झाड सगळ्या वर्गाचं असेल, म्हणजे एकट्या मुलाला वाईट वाटणार नाही, असा तिचा हिशेब होता. पण चौतीस मुलांच्या वर्गात दिवसाला तीनच पानं वाळकी असतील, तर ती कोणाची हे सांगायला नाव लिहावं लागत नाही.

पाचवी ‘ब’मध्ये ती तीन पानं अक्षराची, निहारची आणि स्कूटरवरून येणाऱ्या एका मुलाची होती. पहिल्या आठवड्यातच स्कूटरवाला मुलगा शेजाऱ्यांबरोबर चालत यायला लागला. निहारच्या आईने आपली पांढरी कार पार्कच्या मागच्या गल्लीत थांबवायला सुरुवात केली. तिथून निहार दोनशे पावलं चालत गेटाशी येई आणि त्याला हिरवं पान मिळे. तिसरं पान तेवढं राहिलं.

अक्षराने ते गणितासारखं मांडून बघितलं. अप्पांचा स्टँड बनशंकरीच्या देवळापाशी, म्हणजे शाळेच्या पुढे. मला सोडायचं नसतं तरी ते त्याच रस्त्याने गेले असते. म्हणजे माझ्यामुळे रस्त्यावर एकही गाडी वाढत नाही. तिने हे वर्गशिक्षिका सुप्रीता मिसना सांगितलं. मिसनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिचं गणित बरोबर आहे असंही म्हणाल्या, आणि मग तिला संस्थेचा छापील तक्ता दाखवला. त्यात ऑटोचा रकाना कारच्या शेजारी होता. तिच्या गणितासाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात वर्गातली मुलं बदलली. कोणी तिला चिडवलं नाही. चिडवायचं नाही हे त्यांना शिकवलेलं होतं. ती सकाळी वर्गात आली की सगळे बोलायचे थांबत आणि तेहतीस हात झाडाकडे बोट करत. बस इतकंच. मिस आत आल्या की हात खाली. डबा खाताना तिच्या बाकावर कोणी बसेना. एके दिवशी तिने डबा उघडला तर चपातीच्या वर कोणीतरी गुलमोहराची वाळलेली पानं नीट रचून ठेवली होती, झाकण घट्ट लावून. तिने ती बाजूला केली आणि चपाती खाल्ली. घरी काही सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती पिराजीला म्हणाली, मला गेटापर्यंत सोडू नका, पार्कच्या कोपऱ्यावर सोडा. पिराजीने कारण विचारलं नाही. पोरगी मोठी झाली, बापाच्या रिक्षातून उतरायची लाज वाटत असेल, असं त्याला वाटलं, आणि त्याला त्याचं थोडं हसूही आलं. तीन दिवस ती कोपऱ्यावर उतरून चालत गेली आणि वर्गात हात वर करून ‘चालत’ म्हणाली.

चौथ्या दिवशी भव्याने तिला पकडलं. भव्या पाचवी ‘अ’ची. एका वर्गाच्या मुलांवर दुसऱ्या वर्गाने लक्ष ठेवायचं असा नियम होता. हिरवी टोपी घालून, हातात वही घेऊन भव्या गेटाशी उभी असायची आणि कधी कधी कोपऱ्यापर्यंत फेरी मारायची. पांढऱ्या कार त्या रस्त्यावर पन्नास येत. पण ‘अक्षरा’ असं लिहिलेली रिक्षा एकच होती.

दोन वाळकी पानं लागली. त्या दिवशी पाचवी ‘ब’ पहिल्या नंबरवरून खाली आली. मधल्या सुट्टीत निहार तिच्या बाकापाशी आला आणि शांतपणे म्हणाला की तारांगणाला सगळे जाणार होते, आता तुझ्यामुळे कोणी जाणार नाही. तिने त्याला पांढऱ्या कारची आठवण करून दिली. तो म्हणाला, मी पकडला गेलो नाही.

त्या संध्याकाळी अक्षराने बापाला सगळं सांगितलं, फक्त डब्यातली पानं वगळून. दुसऱ्या दिवशी पिराजी शाळा सुटायच्या वेळी गेटाबाहेर थांबला. हर्षिता बाहेर आली तेव्हा त्याने तिला हिंदीत हाक मारली, आणि त्याच्या हिंदीवरून तिने ओळखलं की हा मराठी माणूस आहे. ती खूश झाली. मूळची पुण्याची, तिला इथे मराठी बोलायला कोणी मिळत नसे. “अय्या, तुम्ही आपल्याकडचेच की. बोला ना, दादा.”

पिराजीने ऑटोचं काही करता येईल का, असं विचारलं. पोरीला लई तरास होतोय, म्हणाला. हर्षिताने त्याला दहा मिनिटं दिली आणि फार प्रेमाने समजावलं. एकाला सूट दिली की सगळे मागतात. आणि थोडासा त्रास होणं हेच तर बदलाचं लक्षण आहे, सवय मोडताना तो होतोच. सहा आठवडे कळ काढा. शेवटी तिने विचारलं की तुम्ही अक्षराचे बाबा ना, आणि म्हणाली, “गोड मुलगी आहे. तुम्ही तिला साथ द्या, दादा.”

पिराजीने साथ द्यायची ठरवली.

घरापासून शाळा अडीच किलोमीटर. सरळ जाणारी बस नाही. फुटपाथ निम्म्या वाटेवर आहे, निम्म्या वाटेवर खणून ठेवलेला. अक्षरा सातला निघून चालत जाईल असं ठरलं. रिंग रोड ओलांडायचा असल्यामुळे पिराजी म्हणाला, मी हळूहळू मागून येतो.

“नको,” अक्षरा म्हणाली. “तुमची ऑटो ओळखतात सगळे.”

“मग मी काय करू, सांग.”

“मागचं नाव पुसा.”

पिराजीने सायकलवाल्याकडून काळ्या रंगाचा डबा आणला आणि रिक्षाच्या पाठीवरची दोन्ही नावं रंगवून टाकली. अक्षरा शेजारी उभी राहून कुठे पिवळं दिसतंय ते दाखवत होती. रंग वाळल्यावर तिथे एक चौकोनी काळा डाग राहिला.

“आणि माझी बोहनी?” त्याने विचारलं.

“मी गेटातून आत गेले की झाली समजा.”

त्याने ते मान्य केलं. दुसऱ्या दिवसापासून अक्षरा पुढे चालायची आणि पन्नास हात मागे पिराजीची रिकामी रिक्षा सरपटत यायची. बसस्टॉपवरचे लोक हात करायचे, तो मान हलवून नाही म्हणायचा. ऑफिसला उशीर झालेली माणसं शिव्या द्यायची. पूर्वी दहा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला आता पाऊण तास लागत होता, आणि रिक्षा तेवढा वेळ धूर सोडत होती. अक्षरा मागे वळून बघायची नाही. वळली तर लोकांना कळेल, हे दोघांनाही माहीत होतं.

शाळेच्या अलीकडच्या वळणावर फुलं विकणाऱ्या अंबुबाईला मात्र ती रिक्षा खटकली. पहिल्या दिवशी तिने नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी तिने रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली नाही, पोरीच्या मागेच राहिली. मग ती रोज बघायला लागली.

पाचवी ‘ब’चं झाड पुन्हा हिरवं झालं. अक्षराच्या शेजारी कोणी ना कोणी बसायला लागलं. शेवटच्या आठवड्यात निहारने तिला आपल्या डब्यातला चिरोटा दिला. शेवटच्या शुक्रवारी सकाळी ‘ब’चं झाड ‘अ’च्या झाडापेक्षा एका पानाने पुढे होतं.

त्या सकाळी गेटाशी गर्दी होती. अहवालासाठी चालत येणाऱ्या मुलांचं चित्रण करायला हर्षिता मोबाइल घेऊन उभी होती. मुलांचे आईबाप निकाल ऐकायला थांबले होते. ‘ब’ वर्गाची मुलं गेटाच्या आत कठड्यावर बसून आपल्या वर्गाची मुलं मोजत होती. शेवटची यायची होती अक्षरा. ती वळणावर दिसली तशी मुलं उठून उभी राहिली.

भव्या तिला गेटाच्या चार पावलं अलीकडे आडवी आली. पन्नास हात मागे थांबलेल्या रिक्षाकडे तिने वहीने खूण केली आणि मोठ्याने म्हणाली की ही तुझ्या अप्पांची ऑटो आहे, तू पार्कपर्यंत तिच्यातून येतेस, नाव पुसलं म्हणून काय झालं. दोन वाळकी पानं.

सगळे रिक्षाकडे बघायला लागले. अक्षराने कठड्यावरच्या मुलांकडे बघितलं. ती तेहतीसच्या तेहतीस तिच्याकडे बघत होती, आणि ह्या वेळी कोणी बोट दाखवत नव्हतं.

“माझ्या अप्पांची नाही,” ती म्हणाली. “कोण आहे माहीत नाही. रोज मागून येतो.”

“हो, रोज येतो,” आतून निहार म्हणाला. “आम्ही पण बघितलाय.”

एवढं पुरलं. मुलांचं भांडण ऐकत उभी असलेली मोठी माणसं सगळी एकाच वेळी बोलायला लागली. वळणावरून अंबुबाई टोपली तिथेच टाकून आली आणि तिने सांगितलं की ती तीन आठवडे बघते आहे, हा माणूस भाडं घेत नाही, हात केला तर थांबत नाही, नुसता ह्या पोरीच्या मागे फिरतो. कोणीतरी रिक्षाच्या मागे जाऊन तो काळा डाग बघून आलं आणि ओरडून विचारलं की ह्याने काय लपवलंय. ह्याच महिन्यात आलेल्या नव्या वॉचमनने रिक्षाची किल्ली काढून घेतली. ऑफिसचे कपडे घातलेल्या एका बापाने पिराजीला शर्टाला धरून बाहेर ओढलं आणि मुस्काटात मारली. मग आणखी दोघांनी. खाकी शर्टाचा खिसा फाटला, त्यातला कंगवा आणि पेन रस्त्यावर पडलं. त्याचा ओठ फुटला.

पिराजीला एकच वाक्य बोलायचं होतं. ते तो बोलला असता तर मार थांबला असता. त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याला अक्षरा दिसली. दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून ती उभी होती.

सुप्रीता मिस धावत आल्या होत्या. त्यांनी पिराजीला कधी बघितलेलं नव्हतं. शाळेच्या सभांना महानंदाच यायची. त्या अक्षराच्या समोर गुडघ्यांवर बसल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की भिऊ नकोस, आम्ही सगळे आहोत, खरं सांग.

“ह्यांना ओळखतेस तू?”

अक्षराने मिसच्या खांद्यावरून बापाकडे बघितलं. तिचे ओठ हलले. पिराजीने मान हलवली, अगदी थोडी, पाढा चुकायला लागली की आरशातून हलवायचा तशी.

“नाही,” अक्षरा म्हणाली.

कठड्यावरच्या मुलांना सगळं माहीत होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्या रिक्षात बसून फोटो काढून घेतला होता, तिच्या वाढदिवसाला. त्यांच्यातलं कोणीही बोललं नाही. भव्यालाही माहीत होतं. पण मोठी माणसं मारताना बघून ती रडायला लागली होती आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं.

हर्षितालाही माहीत होतं. ती गर्दीतून वाट काढत आली, तिने पिराजीला ओळखलं आणि मोबाइल खाली केला. क्षणभर तिने अक्षराकडे बघितलं, मुलांच्या घोळक्याकडे बघितलं. मग ती त्या ऑफिसवाल्याला इंग्रजीत म्हणाली की पुरे, मुलं बघतायत, पोलिसांची भानगड नको, जाऊ द्या त्याला. तिच्या बोलण्याला वजन होतं. हात थांबले. वॉचमनकडून किल्ली घेऊन तिने ती पिराजीच्या हातात दिली आणि हळूच मराठीत म्हणाली, “दादा, तुम्ही निघा आता. मुलांसमोर नको.”

ऑफिसवाल्याने पिराजीला तसं सोडलं नाही. त्याने त्याला सगळ्यांसमोर कबूल करायला लावलं. पिराजीने हात जोडले. “तप्पायितु,” तो म्हणाला. चूक झाली. पुन्हा ह्या रस्त्याला येणार नाही. त्या माणसाने त्याला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणायला सांगितलं, आणि त्याने म्हटलं. कंगवा आणि पेन तिथेच राहिलं.

अक्षरा गेटातून आत गेली. तिच्यासाठी लावलेलं हिरवं पान निहारने स्वतः चिकटवलं.

संध्याकाळी महानंदाने नवऱ्याचा ओठ बघून विचारलं. स्टँडवर भांडण झालं, असं पिराजी म्हणाला. अक्षरा जेवत होती. ती जेवतच राहिली.

शाळेने पालकांना एक पत्रक पाठवलं, अनोळखी रिक्षांपासून मुलांना जपा म्हणून. अंबुबाईने त्या रिक्षाचा नंबर स्टँडवरच्या सगळ्यांना सांगितला. स्टँडवरचे तिचं ऐकून हसले, त्यांना पिराजी माहीत होता. पण दोघातिघांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की स्वल्प दिवस दुसरीकडे बघ, शाळेची भानगड आहे. तो कोरमंगलाच्या बाजूला जायला लागला. तिथे पीजीमध्ये राहणारी तरुण मुलं दिवसभर रिक्षा शोधत असतात, भाडी भरपूर मिळतात. सकाळी अक्षरा आधी निघायची, एकटी. तो मागून जात नव्हता.

मंगळवारी पाचवी ‘ब’ मेट्रोने तारांगणाला गेली. अक्षराला खिडकीपाशी जागा मिळाली, निहारने तिच्यासाठी धरून ठेवली होती. हर्षिताच्या अहवालात शेवटच्या पानावर एका मुलीचा पाठमोरा फोटो छापला होता, दप्तर घेऊन चालणारी. खाली लिहिलं होतं की ह्या मुलीने सहा आठवड्यांत रोज अडीच किलोमीटर चालायची सवय लावून घेतली. ती कोण, हे लिहिलेलं नव्हतं. नावं लिहायची नाहीत हा नियम होता.

बुधवारी भिंतीवरची झाडं काढली. आता कोण कसं येतं हे कोणी विचारणार नव्हतं.

गुरुवारी अक्षरा सातला निघाली नाही. पावणेआठ वाजेपर्यंत ती दप्तर पाठीवर घेऊन घरातच थांबली. पिराजी रिक्षा पुसत होता. ती मागच्या सीटवर जाऊन बसली, पुढे वाकली आणि मीटरचं बटण दाबलं.

“स्कूल, अण्णा. मीटर हाकी.”

पिराजी पुढे येऊन बसला. त्याने आरशात बघितलं नाही.

“आ कडे बरल्ल, अक्का,” तो म्हणाला.

“ट्वेंटी एक्स्ट्रा.”

त्याने किक मारली नाही. तिला वाटलं त्याला ऐकू गेलं नसेल, म्हणून ती पुन्हा म्हणाली. मग हसून थर्टी म्हणाली. पिराजीने हात लांब करून मीटर बंद केलं आणि दोन्ही हात हँडलवर ठेवून तसाच समोर बघत बसला, गिऱ्हाईक उतरायची वाट बघत बसतात तसा.

बऱ्याच वेळाने ती उतरली. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर तिने इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मागे वळून बघितलं. रिक्षा तिच्या मागे नव्हती. ती उलट्या बाजूने बाहेर पडली होती, आणि पलीकडच्या रस्त्यावर ज्या पहिल्या माणसाने हात केला त्याच्यापाशी थांबली.